‘चाळीस डेन्सिटी’च्या मागचा इतिहास

फोमच्या दुकानात असो की कारखान्याच्या खरेदी विभागात, पहिला प्रश्न ठरलेला: “डेन्सिटी किती?” बत्तीस किंवा चाळीस असं उत्तर आलं की ऑर्डर पक्की. घनमीटरला ४० किलो वजन, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. फोम कशापासून बनलाय, त्याच्या पेशी (आतले बुडबुडे) उघड्या आहेत की बंद, तेलापाण्यात तो किती टिकेल, पेटला तर काय होईल, यातलं काहीच त्यातून कळत नाही. शिवाय पॉलियुरेथेनमध्ये, म्हणजे गाद्या-सोफ्यांच्या नेहमीच्या फोममध्ये, कॅल्शियम कार्बोनेटची पूड मिसळली की वजन भरतं, दम वाढत नाही. धंद्यातल्या लोकांना हे चांगलं ठाऊक असतं. सवय मात्र सुटत नाही.

पूर्वी निवडायला फारसं काही नव्हतंच. डनलॉपने १९२९ च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये रबराचा चीक फेटून फोम बनवला. आपल्याकडची ‘डनलॉपची गादी’ ती हीच. पुढे १९३७ मध्ये जर्मनीत लेव्हरकुसेनला ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचं रसायन शोधलं. त्यातले बुडबुडे सुरुवातीला दोष मानले गेले. ओलावा शिरला की कार्बन डायऑक्साइड तयार व्हायचा आणि माल सच्छिद्र निघायचा. मग तोच दोष मुद्दाम घडवून आणायला सुरुवात झाली. दुसरीकडे अमेरिकेत डाऊ कंपनीने बंद पेशींचा पॉलिस्टायरीन फोम काढला. पाणी पीत नसल्यामुळे १९४२ मध्ये तो तटरक्षक दलाच्या तराफ्यात वापरला गेला.

खरी मेख पन्नासच्या दशकात आहे. मऊ पॉलियुरेथेन आधी पॉलिएस्टर पॉलिओलपासून (पॉलिओल म्हणजे फोमचा एक मूळ कच्चा माल) बनायचं, दशकाच्या शेवटी पॉलिईथर पॉलिओल आलं. दोन्ही तुकडे हातात घेतले तर चटकन फरक कळत नाही. पॉलिएस्टरचा फोम ओढायला चिवट, तेलाला दाद न देणारा, आवाज चांगला शोषणारा. पण उष्ण दमट हवेत पाणी त्याचे रासायनिक बंध तोडतं आणि काही वर्षांत तो चिकट होऊन भुगा पडायला लागतो. पॉलिईथर पाण्यापुढे टिकतं. हा फरक जुना, सर्वज्ञात. तरीही फिलिप्सने श्वसनयंत्रांचा आवाज दाबायला पॉलिएस्टरचाच फोम वापरला होता. रुग्णाच्या श्वासाची हवा त्याच मार्गाने जायची. कण सुटतात म्हणून जून २०२१ मध्ये लाखो यंत्रं परत बोलवावी लागली. त्या जागी सिलिकॉन फोम आला. आपल्या कोकणात पॅनलच्या दाराला गॅस्केट (फट बंद करणारी फोमची पट्टी) लावणाऱ्यांनी हे प्रकरण मुळातून वाचावं.

फेब्रुवारी २००३ हा तर फोमच्या इतिहासातला काळा महिना. १ तारखेला नासाचं कोलंबिया अवकाशयान कोसळलं, कल्पना चावलांसह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या इंधनाच्या टाकीवरून पाऊण किलोचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला होता. उणे २५३ अंशांचं द्रवरूप हायड्रोजन थंड राखण्यात तो फोम उत्तमच होता. हाताने फवारून आकार दिलेल्या त्या भागात पोकळ्या राहिल्या होत्या, आणि तुटून उडाल्यास काय, या प्रश्नाकडे मात्र काणाडोळा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या एका नाइटक्लबला आग लागून १०० माणसं मेली. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे स्टेजच्या भिंतींना पॉलियुरेथेन फोम चिकटवला होता. आगरोधक नसलेला, पॅकिंगला वापरतात तसला.

कडक फोमची गोष्ट वेगळी. त्याची उष्णतारोधक ताकद पेशींत कोंडलेल्या वायूवर अवलंबून. ओझोनच्या थराला इजा होते म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर सीएफसी-११ हा पेशींत भरायचा वायू हद्दपार होत गेला, त्याच्या जागी एचसीएफसी-१४१बी आला, आणि भारतात १ जानेवारी २०२० पासून तोही बंद झाला. आता सायक्लोपेंटेन वगैरे पर्याय आहेत. त्यातलं सायक्लोपेंटेन ज्वलनशील असल्याने कारखान्याची यंत्रणाच बदलावी लागते. वायू बदलला की त्याच डेन्सिटीच्या पॅनलची रोधकता बदलू शकते. त्यामुळे शीतगृहासाठी २०२० पूर्वीचं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं उचलणाऱ्याने आत कोणता वायू आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं.