लांबची वाट, कमी वेळ

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाची वाट बदलली. आधी ते पश्चिमेला, अटलांटिकवरून जायचे. अंतर सुमारे १३,९०० किलोमीटर. नवी वाट पूर्वेकडची, पॅसिफिकवरून, सुमारे १५,३०० किलोमीटरची. चौदाशे किलोमीटर जास्त कापूनही विमान जवळपास दोन तास आधी पोचले.

ही किमया वाऱ्याची. जमिनीपासून साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची उबदार हवा आणि ध्रुवांकडची थंड हवा यांच्या तापमानातल्या फरकातून ते तयार होतात. हिवाळ्यात हा फरक वाढतो, तेव्हा तेही जोरात वाहतात. कधी ताशी ४०० किलोमीटरपर्यंत. विमानाचा वेग असतो तो भोवतालच्या हवेच्या तुलनेत, साधारण ताशी ९०० किलोमीटर. ती हवाच पुढे सरकत असेल, तर जमिनीवरून मोजलेला वेग तेवढ्याने वाढतो.

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचे विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचले. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. त्या उंचीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो. तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादाही हवेच्याच तुलनेत मोजायची.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोचता यावे, असा तर्क अनेकजण लढवतात. तसे असते तर हेलिकॉप्टर हवेत नुसते थांबवायचे आणि खाली अमेरिका येण्याची वाट पाहायची! वातावरण पृथ्वीबरोबरच फिरते, हेलिकॉप्टरही.

अंतर मोजतानाही सपाट नकाशा फसवतो. टोकियो–न्यूयॉर्क ही सर्वांत जवळची वाट अलास्कावरून जाते. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहिला की ते लगेच पटते.

जाताना वाऱ्याने वाचवलेला वेळ आणि येताना खाल्लेला वेळ यांची फिट्टंफाट होते का? नाही. अंतर ५,४०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० धरा. वारा नसेल तर जाऊन-येऊन बरोबर १२ तास. ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर जाताना ५ तास २४ मिनिटे, येताना ६ तास ४५ मिनिटे; एकूण ९ मिनिटे जास्त. विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ अडकून राहते, म्हणून हा तोटा. वारा दुप्पट झाला की तोटा दुप्पट होत नाही, चौपटीच्याही थोडा वर जातो: ३७ मिनिटे. त्यामुळे येताना वैमानिक शक्यतो जेट स्ट्रीम टाळून, जरा वळसा घेऊनच परततात.