लांबून गेलं की लवकर पोचतं

मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेल्या शेजारच्या काकांनी परवा हिशेब मांडला. "पृथ्वी पूर्वेकडे फिरते ना? मग हेलिकॉप्टर वर जागच्या जागी धरून ठेवायचं, अमेरिका आपोआप खाली येईल!" (मुंबईच्या अक्षांशावर मेक्सिको येईल, पण ते असो.) गोम अशी की हेलिकॉप्टर, भोवतालची हवा आणि काका हे सगळेच पृथ्वीबरोबर फिरत असतात. धावत्या रेल्वेत वर उडवलेला चेंडू हातातच परत येतो, तसंच हे.

तरीही पृथ्वीचं फिरणं विमानाला मदत करतं, फक्त आडवळणानं.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि अंतर भरतं सुमारे १२,४०० किमी. एअर इंडियाचं विमान अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किमी. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात झाली. हा मार्ग १५,३०० किमीचा, म्हणजे १,४०० किमी जास्त. तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळपास दोन तास लवकर!

ही करामत जेट प्रवाहाची, म्हणजे दहा-बारा किमी उंचीवर पूर्वेकडे धावणाऱ्या वाऱ्यांची. अटलांटिकवरून पश्चिमेला जाताना ते समोरून येतात, पॅसिफिकवरून पूर्वेला जाताना पाठीशी असतात. ते का वाहतात हे समजायला फिरत्या खुर्चीवर बसा. दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या घ्या, हात पसरून गिरकी घ्या आणि बाटल्या झटकन छातीशी आणा. खुर्ची सणकन फिरते. (माझी कपाटावर आदळली होती, तेव्हा जागा मोकळी ठेवा.) वस्तुमान अक्षाजवळ आलं की वेग वाढतो, कारण कोनीय संवेग (वस्तुमान, वेग आणि अक्षापासूनचं अंतर यांचा गुणाकार) कायम राहतो.

हवेचंही तेच. विषुववृत्तावरची हवा पृथ्वीबरोबर ताशी १,६७० किमी वेगानं फिरत असते. ती तापून वर चढते आणि ध्रुवाकडे सरकते. ३० अंश अक्षांशावर तिचं पृथ्वीच्या अक्षापासूनचं अंतर १३ टक्क्यांनी घटलेलं असतं. म्हणजे संवेग राखायचा तर वेग ताशी सुमारे १,९३० किमी लागतो. खालची जमीन मात्र तिथे १,४५० नंच फिरते. फरक ४८० चा! प्रत्यक्षात घर्षण आणि भोवरे यांत बराच संवेग गळतो, तरी हिवाळ्यात जपानवर ताशी २०० किमीहून जास्त वेगाचे वारे नेहमीचेच. ध्रुवाकडचा दुसरा जेट प्रवाह तापमानातल्या फरकावर पोसला जातो, त्याचं गणित निराळं.

१९२० च्या दशकात वासाबुरो ओईशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं फुगे सोडून हे वारे मोजले, पण अहवाल छापला एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत. साहजिकच जगानं फारशी दखल घेतली नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वॉशिंग्टनहून लंडनला निघालेल्या प्रवासी विमानानं ताशी सुमारे १,२९० किमी वेग गाठला, तेव्हा मात्र "ध्वनीपेक्षा वेगवान!" असे मथळे झळकले. तो वेग जमिनीच्या सापेक्ष होता. हवेच्या सापेक्ष विमान रोजच्याच वेगानं चाललं होतं.