सोडियम बाहेर, पोटॅशियम आत

शरीरातल्या जवळजवळ कुठल्याही पेशीच्या आतले आणि बाहेरचे पाणी तपासले, तर एक मोठी तफावत दिसते. बाहेर सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, दर लिटरला सुमारे 145 मिलिमोल (कणांची संख्या मोजण्याचे एकक), आत जेमतेम 10 ते 15. पोटॅशियमचे नेमके उलट: आत सुमारे 140, बाहेर 4 ते 5. या दोन पाण्यांच्या मध्ये असते ते पेशीपटल. फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचे दोन थर, जाडी सुमारे 5 नॅनोमीटर. अशी एक लाख पटले एकावर एक रचली तरी उंची अर्धा मिलिमीटर भरेल.

कुठलाही पदार्थ, त्याला मोकळे सोडले तर, दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरतो. पटलातून आयनांची थोडी थोडी गळती सतत चालूच असते. तरीही ही तफावत जन्मभर टिकते. पटलातून होणारी वाहतूक समजून घ्यायची असेल, तर प्रथिनांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा या एका तफावतीचा माग काढावा, असे मला ठामपणे वाटते. साखर, पाणी, औषधे, काही गंभीर आजार, सगळ्यांच्या वाटा तिच्यापाशी येऊन मिळतात.

ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडसारखे लहान, विद्युतभार नसलेले रेणू पटलातून आपणहून आरपार जातात. आयनांना ते जमत नाही. प्रत्येक आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट धरून असतात आणि ते पाणी सोडून तेलकट थरात शिरायचे म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने फार महाग. म्हणून पटलात प्रथिने बसवलेली असतात. त्यांपैकी काही असतात वाहिन्या, म्हणजे आरपार गेलेली, उघडझाप करणारी अरुंद भोके.

पोटॅशियमच्या वाहिनीने शास्त्रज्ञांना अनेक वर्षे कोड्यात टाकले होते. सोडियमचा आयन पोटॅशियमपेक्षा लहान आहे. मोठा ज्या भोकातून जातो त्यातून लहान सहज जायला हवा. पण ही वाहिनी एक सोडियम जाऊ देते तेवढ्यात दहा हजारांच्या आसपास पोटॅशियम जाऊ देते. 1998 मध्ये रॉडरिक मॅकिनन यांनी जिवाणूतल्या अशा एका वाहिनीची रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली, तेव्हा उत्तर मिळाले. वाहिनीच्या सर्वांत अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू कड्यांसारखे रचलेले असतात. पोटॅशियम आपल्याभोवतीचे पाणी सोडून आत शिरतो तेव्हा हे ऑक्सिजन पाण्याच्या जागी नेमक्या अंतरावर त्याला मिळतात, त्यामुळे त्याचे काहीच नुकसान होत नाही. सोडियम मात्र लहान असल्याने त्या सगळ्या ऑक्सिजनांपर्यंत एकाच वेळी पोचत नाही. पाणी सोडण्याची किंमत त्याला भरून मिळत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो. पेशी इथे आकारमानाने गाळत नाही, ती पाण्याच्या बंधांचा हिशेब करते. मला हा शोध अतिशय सुंदर वाटतो. या कामासाठी मॅकिनन यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ते त्यांना पीटर अ‍ॅग्रे यांच्यासोबत विभागून मिळाले. पाण्यासाठी वेगळी वाहिनी असते हे अ‍ॅग्रे यांनी दाखवून दिले होते.

पण वाहिनी फक्त उताराच्या दिशेने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे, काम करते. आधी तो उतार तयार कोण करतो?

ब्रिटनमधले शास्त्रज्ञ हॉजकिन आणि कीन्स यांनी 1955 पर्यंत दाखवून दिले होते की चेतातंतू सोडियम बाहेर टाकतो ते ऊर्जा खर्चून. सायनाइड देऊन ऊर्जानिर्मिती थांबवली की हे उपसणे थांबते. उपसणारा रेणू मात्र कुणी पाहिला नव्हता. तो सापडला डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे, येन्स स्काऊ या डॉक्टरला. स्काऊ यांचा मूळ विषय होता भूल देणारी औषधे. ती चेतातंतूच्या पटलावर कशी काम करतात हे पाहण्यासाठी त्यांना पटलातले एखादे एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, हवे होते. खेकड्याच्या पायांतल्या चेतातंतूंपासून त्यांनी पटलाचे बारीक तुकडे मिळवले आणि त्यांत एटीपी तोडणारे एक एन्झाइम शोधले. एटीपी म्हणजे पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू. हे एन्झाइम विचित्र वागत होते. नुसते सोडियम दिले तर त्याचे काम मंद, नुसते पोटॅशियम दिले तर जवळपास काहीच नाही, आणि दोन्ही एकत्र दिले की एकदम जोरात. 1957 मध्ये त्यांनी हे निष्कर्ष छापले.

1958 मध्ये व्हिएन्नाच्या परिषदेत स्काऊ यांची गाठ अमेरिकेतल्या रॉबर्ट पोस्ट यांच्याशी पडली. पोस्ट तांबड्या रक्तपेशींमधला सोडियमचा उपसा मोजत होते. त्यांनी विचारले, तुमचे एन्झाइम उआबेनने बंद पडते का? उआबेन हे वनस्पतीतले विष सोडियमचा उपसा थांबवते, हे तोवर माहीत झाले होते, पण स्काऊ यांनी ते कधी वापरून पाहिले नव्हते. त्यांनी आपल्या प्रयोगशाळेत फोन करून प्रयोग करायला सांगितले. एन्झाइम बंद पडले. उपसणारा पंप आणि एटीपी तोडणारे एन्झाइम या दोन वस्तू नव्हत्याच, एकच होती. स्काऊ यांना याबद्दल नोबेल मिळाले ते चाळीस वर्षांनी, 1997 मध्ये.

या शोधाचे महत्त्व एका पंपापुरते नाही. एन्झाइम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येते ते एका पदार्थाचे दुसऱ्या पदार्थात होणारे रूपांतर. इथे सोडियम आत होता तेव्हाही सोडियमच होता आणि बाहेर गेल्यावरही सोडियमच राहिला. बदलली ती फक्त जागा. म्हणजे रासायनिक क्रियेला दिशाही असू शकते. ती दिशा कशी मिळते? हा पंप दोन दारांच्या खोलीसारखा असतो, आणि त्याची दोन्ही दारे एकाच वेळी कधीही उघडी नसतात. पेशीच्या आतल्या बाजूचे दार उघडे असताना 3 सोडियम या खोलीत येऊन बसतात. मग एटीपीतला फॉस्फेट गट प्रथिनाच्या एका ठरावीक अमिनो आम्लावर (प्रथिन ज्या दुव्यांनी बनते त्यांपैकी एकावर) चिकटतो, प्रथिनाचा आकार पालटतो, आतले दार मिटते आणि बाहेरचे उघडते. या नव्या आकारात सोडियमवरची पकड ढिली होते आणि पोटॅशियमची घट्ट होते. 3 सोडियम निघून जातात, 2 पोटॅशियम बसतात. फॉस्फेट सुटला की पुन्हा पहिला आकार. एका फेरीला एक एटीपी.

दर फेरीत 3 धनभार बाहेर आणि 2 आत, म्हणजे थोडा विद्युत फरक पंप स्वतःही निर्माण करतो. मोठा वाटा मात्र वाहिन्यांतून बाहेर झिरपणाऱ्या पोटॅशियमचा. चेतापेशीत हा फरक सुमारे 70 मिलिव्होल्ट भरतो. आकडा किरकोळ वाटेल, पण तो 5 नॅनोमीटर जाडीवर पेललेला आहे. त्या हिशेबाने विद्युतक्षेत्राची तीव्रता मीटरला सुमारे 1 कोटी 40 लाख व्होल्ट होते. आपला प्रत्येक विचार, हृदयाचा प्रत्येक ठोका याच फरकाच्या चढउतारांवर चालतो, आणि म्हणूनच मेंदूला मिळणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा भाग हे पंप चालते ठेवण्यात जातो.

आता साखर. आतड्याच्या पेशीला अन्नातले ग्लुकोज शेवटच्या कणापर्यंत ओढून घ्यायचे असते, आत ते जास्त असले तरीही. 1960 च्या ऑगस्टमध्ये प्राग इथल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की ग्लुकोज एकटे येत नाही, ते सोडियमसोबत येते. सोडियम उताराने आत घुसायला आतुर असतो, आणि त्याच्या जोरावर ग्लुकोज चढ चढते. पुढे हे प्रथिन एसजीएलटी-1 या नावाने ओळखले गेले. ते एका ग्लुकोजमागे 2 सोडियम घेते. एटीपीला ते स्वतः हात लावत नाही. त्याचा खर्च पेशीच्या दुसऱ्या, रक्ताकडच्या बाजूला बसलेला सोडियमचा पंप आधीच करून ठेवतो. त्याच बाजूला असलेले वेगळे वाहक प्रथिन ग्लुकोजला उताराने रक्तात सोडते. एकाच पेशीच्या दोन बाजूंना वेगवेगळी प्रथिने, आणि त्यामुळे साखरेचा प्रवास एकाच दिशेने. सोडियम आणि साखर जातील तिकडे पाणीही मागोमाग जाते.

कॉलऱ्यात जीव वाचतो तो या शेवटच्या वाक्यामुळे. कॉलऱ्याचे विष आतड्याच्या पेशीतली सीएफटीआर नावाची क्लोराइडची वाहिनी उघडीच ठेवते. क्लोराइड बाहेर, त्यामागे सोडियम, त्यामागे पाणी. आजार तीव्र असेल तर तासाला एक लिटरपर्यंत. पण एसजीएलटी-1 शाबूत असते. म्हणून नुसते पाणी पाजून भागत नाही, मीठ आणि ग्लुकोज दोन्ही असलेले पाणी शोषले जाते. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असे द्रावण तोंडाने द्यायला लावले आणि मृत्यूंचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या सूत्रात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरला 75 मिलिमोल असतात. साखर जास्त झाली तर तीच पाणी आतड्यात ओढून घेते, म्हणून अंदाजाने साखर वाढवू नये.

याच सीएफटीआर वाहिनीत जन्मजात दोष असला तर सिस्टिक फायब्रोसिस हा आजार होतो. बहुतेक रुग्णांत या प्रथिनातल्या 1480 अमिनो आम्लांपैकी 508 वे तेवढे गहाळ असते. गंमत अशी की या वाहिनीची ठेवण पंपांच्या कुळातली आहे. ती एटीपी वापरते, पण उपसण्यासाठी नाही, उघडमीट करण्यासाठी. पाठ्यपुस्तकांत वाहिनी आणि पंप यांच्यात आखलेली रेघ निसर्ग फारशी पाळत नाही.

एसजीएलटीचे दुसरे भावंड, एसजीएलटी-2, मूत्रपिंडात असते. मूत्रपिंडात दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो आणि त्यासोबत सुमारे 180 ग्रॅम ग्लुकोजही. त्यातले नव्वद टक्के एसजीएलटी-2 परत रक्तात पाठवते. मधुमेहात हे काम थोपवले तर जादा साखर लघवीतून निघून जाते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये वेगळे केलेले फ्लोरिझिन हा रेणू हेच करतो. पण तो आतड्यातल्या एसजीएलटी-1 लाही अडवतो, आणि तोंडाने घेतल्यावर आतड्यातच मोडतो. म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याच्या रचनेत बदल करत, मूत्रपिंडातल्या भावंडालाच प्रामुख्याने धरणारे आणि आतड्यात टिकणारे रेणू तयार केले. आज ग्लिफ्लोझिन गटातली औषधे म्हणून ती मधुमेहात दिली जातात, आणि हृदय निकामी होण्याच्या आजारात मधुमेह नसलेल्या रुग्णांनाही.