आशयनियंत्रण, पेमेंट कंपन्यांचे

इंटरनेटवर काय प्रसिद्ध करावे, विकावे किंवा दाखवावे यावर कार्ड कंपन्या, बँका आणि ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आपल्या करारांमधून जो अंकुश ठेवतात, त्यास ही संज्ञा लावतात. मजकूर काढून टाकण्याचा अधिकार या कंपन्यांना नसतो. त्या पैसे स्वीकारण्याची सोय काढून घेतात. आणि ज्या संकेतस्थळाचा चरितार्थ ग्राहकांच्या पैशावर चालतो, त्याला मजकूर आपणहून काढावा लागतो. सरकारी सेन्सॉरशिप आणि समाजमाध्यमांचे स्वतःचे नियमन यांपासून ही बाब वेगळी मानली पाहिजे, कारण येथे निर्णय घेणारा प्रकाशकही नसतो आणि शासनही नसते.

करारांची साखळी : कार्डाच्या व्यवहारात चार पक्ष असतात. कार्डधारक, त्याला कार्ड देणारी बँक, विक्रेता आणि विक्रेत्यासाठी पैसे गोळा करणारी बँक. या शेवटच्या बँकेला व्यवसायात ‘अ‍ॅक्वायरर’ म्हणतात. व्हिसा व मास्टरकार्ड ही जाळी या चौघांना जोडतात, पण विक्रेत्याशी त्यांचा बहुधा थेट करार नसतो. नियम जाळे करते, नियमभंगाचा दंड अ‍ॅक्वायरर बँकेला होतो आणि ती तो विक्रेत्याकडून वसूल करते. स्ट्राइप किंवा पेपालसारख्या सेवा बँक आणि विक्रेता यांच्या मधे उभ्या असतात. त्यामुळे विक्रेत्याला नोटीस येते ती साखळीतल्या सर्वांत जवळच्या कडीकडून, आणि मूळ निर्णय कोणी घेतला हे त्याला पुष्कळदा कळत नाही.

प्रत्येक विक्रेत्याला त्याच्या व्यवसायाचा प्रकार दाखवणारा चार अंकी वर्गांक दिला जातो. जुगाराचा वर्गांक ७९९५ आहे. प्रौढ आशयाच्या संकेतस्थळांना सहसा ५९६७ हा वर्गांक लावतात. तो मूळचा दूरध्वनीवरून होणाऱ्या विक्रीचा आहे. असा जोखमीचा वर्गांक लागला की शुल्क वाढते आणि जादा नोंदणी व तपासणी मागे लागते. यास एक व्यावहारिक कारणही आहे. अशा व्यवहारांत ग्राहक नंतर पैसे परत मागण्याचे, म्हणजे चार्जबॅकचे, प्रमाण जास्त मानले जाते. याहून गंभीर परिणाम मास्टरकार्डच्या ‘मॅच’ यादीचा होतो. करार मोडून बाहेर काढलेल्या विक्रेत्याचे नाव तीत पाच वर्षे राहते आणि नवे खाते देण्यापूर्वी इतर बँका ती पाहतात. नाव घालते ती बँक, आणि ते काढण्यासाठीही मुख्यतः तिच्याकडेच जावे लागते.

उगम : या नियंत्रणाचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. प्रचलित मत डिसेंबर २०१० कडे बोट दाखवते. गोपनीय कागदपत्रे उघड करणाऱ्या विकिलीक्स या संस्थेने २८ नोव्हेंबर २०१० पासून अमेरिकी दूतावासांच्या तारा, म्हणजे अंतर्गत संदेश, प्रसिद्ध करण्यास सुरुवात केल्यावर पेपाल, मास्टरकार्ड व व्हिसा यांनी काही दिवसांच्या अंतराने त्या संस्थेच्या देणग्या थांबवल्या. त्या वेळी विकिलीक्सवर कोणत्याही न्यायालयात दोषारोप सिद्ध झालेला नव्हता. पेपालच्या एका अधिकाऱ्याने निर्णयामागे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या पत्राचा उल्लेख केला होता; ते पत्र मात्र पेपालला नव्हे, विकिलीक्सला लिहिलेले होते. आपल्या उत्पन्नाचा ९५ टक्के भाग गेला असे विकिलीक्सने म्हटले. हा संस्थेचा स्वतःचा दावा आहे आणि तो तसाच वाचावा.

दुसरे मत हा उगम चारपाच वर्षे मागे नेते, आणि उपलब्ध पुराव्याचा कल तिकडे अधिक आहे. मार्च २००५ मध्ये अमेरिकेतील राज्यांच्या महाधिवक्त्यांनी ऑनलाइन सिगारेट विक्रीबाबत कार्ड कंपन्यांचे सहकार्य मिळवले. २००६ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रांचा व्यापार रोखण्यासाठी बँका, कार्ड कंपन्या व इंटरनेट कंपन्या यांची आघाडी स्थापन झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेने बेकायदा इंटरनेट जुगाराचे पैसे पोचवण्यास कायद्याने मनाई केली. परदेशात बसलेल्या विक्रेत्यापर्यंत कायद्याचा हात पोचत नाही, पण त्याच्या बँकेपर्यंत पोचतो, ही जाण या तिन्ही घटनांमागे दिसते. तिला पुढे संशोधनाचा आधारही मिळाला. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांसह एका गटाने २०११ मध्ये दाखवले, की त्यांनी तपासलेल्या स्पॅम-जाहिरातींतील ९५ टक्क्यांहून अधिक मालाचे पैसे केवळ तीन बँकांमार्फत जमा होत होते. २०१० साली नवे घडले ते इतकेच, की निर्विवाद गुन्ह्यांसाठी घडवलेले हत्यार वादग्रस्त पत्रकारितेवर चालवले गेले. हा फरक छोटा नाही.

कार्ड कंपन्या स्वतः ही जबाबदारी नेहमीच मागत होत्या असेही म्हणता येत नाही. ‘परफेक्ट १०’ या प्रकाशकाने चोरलेली छायाचित्रे विकणाऱ्या संकेतस्थळांचे पैसे पोचवल्याबद्दल व्हिसावर दावा लावला, तेव्हा आपण केवळ पैसे पोचवतो, अशीच व्हिसाची भूमिका होती. जुलै २००७ मध्ये अमेरिकेच्या नवव्या सर्किटच्या (विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने ती मान्य केली; न्यायमूर्ती कोझिन्स्की यांनी भिन्नमत नोंदवले.

‘नाममुद्रेची हानी’ हा निकष : मास्टरकार्डच्या नियमावलीतील ५.१२.७ हा नियम सर्व चर्चेच्या केंद्रस्थानी आहे. बेकायदा व्यवहारांबरोबरच, कंपनीच्या एकटीच्या मते तिच्या नावलौकिकास बाधा आणू शकेल असा व्यवहारही तो निषिद्ध ठरवतो. उदाहरणादाखल, उघडउघड घृणास्पद आणि गंभीर कलात्मक मूल्य नसलेल्या चित्रांचा त्यात उल्लेख आहे. या शब्दांवर अश्लीलता कशी ठरवावी हे सांगणाऱ्या अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या मिलर निकालाची छाया स्पष्ट आहे. पण मिलर कसोटी साहित्यिक, कलात्मक, राजकीय आणि वैज्ञानिक अशा चार मूल्यांचा विचार करण्यास सांगते; नियमात त्यांपैकी कलात्मक एवढेच उरले. शिवाय मिलर कसोटी न्यायालय लावते, आरोपीला बाजू मांडता येते आणि वर अपील असते. येथे त्यांपैकी काहीही नाही. प्रस्तुत विषयातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

प्रौढ आशय : पेपालने फेब्रुवारी २०१२ मध्ये स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या वितरकाला काही विषयांवरील कामुक कादंबऱ्या काढण्यास सांगितले. लेखक व नागरी हक्क संघटनांनी विरोध केल्यावर मार्चमध्ये तिने माघार घेतली आणि केवळ शब्दांत असलेले साहित्य बहुतांशी वगळले. छापील पुस्तकांच्या दुकानात जे कायदेशीरपणे विकले जाते त्यावर पैसे पोचवणाऱ्याने हरकत घ्यावी काय, हा प्रश्न प्रथम येथे ठळक झाला.

डिसेंबर २०२० चे प्रकरण वेगळ्या स्वरूपाचे आहे. पॉर्नहबवर अल्पवयीन मुलींच्या व संमतीविना टाकलेल्या चित्रफिती असल्याचा लेख न्यूयॉर्क टाइम्सने छापल्यावर आठवड्याभरात व्हिसा व मास्टरकार्डने त्या स्थळावरील व्यवहार बंद केले. त्यानंतर लगेच ओळख न पटलेल्यांनी चढवलेल्या, म्हणजे बहुसंख्य, चित्रफिती तेथून हटवण्यात आल्या. पीडितांच्या तक्रारींनी जे वर्षानुवर्षे झाले नाही ते पैसा थांबताच काही दिवसांत झाले, हे नाकारता येत नाही. या नियंत्रणावर टीका करणाऱ्यांनी याचे उत्तर दिलेच पाहिजे. मास्टरकार्डने १५ ऑक्टोबर २०२१ पासून चित्रीत व्यक्तींचे वय, ओळख व संमती तपासणे आणि तक्रारी सात कामकाजी दिवसांत निकाली काढणे बंधनकारक केले. निर्मात्यांचा आशय वर्गणीवर दाखवणाऱ्या ओन्लीफॅन्सने ऑगस्ट २०२१ मध्ये बँकांचे कारण देऊन लैंगिक आशयावर बंदी जाहीर केली आणि सहाच दिवसांत ती मागे घेतली.

२०२५ चा वाद : जुलै २०२५ मध्ये व्हिडिओ गेम विकणाऱ्या स्टीमने पेमेंट सेवा, कार्डजाळी व बँका यांच्या नियमांचा भंग करू शकणारा आशय निषिद्ध ठरवून अनेक गेम काढले. गेम विकणाऱ्या इच.आयओ या दुसऱ्या संकेतस्थळाने प्रौढ आशयाचे गेम आपल्या शोधयादीतून तात्पुरते वगळले. त्याआधी कलेक्टिव्ह शाउट या ऑस्ट्रेलियन संघटनेने पेमेंट कंपन्यांना अशा गेमविरुद्ध खुले पत्र लिहिले होते. मास्टरकार्डने १ ऑगस्टला खुलासा केला, की आपण कोणताही गेम तपासलेला नाही आणि कायदेशीर खरेदीस आपली हरकत नाही. यावर स्टीमची मालक कंपनी वाल्व्हने सांगितले, की मास्टरकार्ड आपल्याशी थेट बोलले नाही. मध्यस्थांनी मात्र ५.१२.७ चाच हवाला दिला. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. साखळीतील प्रत्येक कडी दंडाच्या भीतीने नियम थोडा अधिक कडक लावते, आणि अखेरच्या बंदीचा कर्ता सापडत नाही.

जपानमध्येही अशी उदाहरणे आहेत. डीएलसाइट या डिजिटल गेम व चित्रकथा विकणाऱ्या स्थळावरील परदेशी कार्डांचे व्यवहार २०२४ च्या वसंतात थांबले. छापणे बंद झालेली मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, उपलब्ध करणारे ‘मांगा लायब्ररी झेड’ पेमेंट सेवा गेल्यामुळे २६ नोव्हेंबर २०२४ रोजी बंद झाले.

न्यायालये : आइसलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये व्हिसाची स्थानिक भागीदार वालिटॉर हिने विकिलीक्सच्या देणग्या बंद करून करारभंग केल्याचे ठरवले आणि सोय पूर्ववत न केल्यास रोज ८ लाख क्रोना दंड सांगितला. निकाल करारकायद्याचा होता, अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा नव्हे. अमेरिकेत कुक काउंटीच्या शेरीफने जून २०१५ मध्ये बॅकपेज या जाहिरातींच्या संकेतस्थळाशी व्यवहार थांबवण्यासाठी कार्ड कंपन्यांना पत्रे धाडली, तेव्हा सातव्या सर्किटचे न्यायमूर्ती पोझनर यांनी त्यास मनाई केली. सरकारी अधिकाऱ्याने धमकावून मध्यस्थाकरवी अभिव्यक्ती रोखणे घटनाबाह्य आहे, हे तत्त्व मे २०२४ च्या व्हुलो खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने दृढ केले. मात्र कंपनीने दबावाविना स्वतःहून घेतलेल्या निर्णयाला हे तत्त्व लागू पडत नाही.

भारत : येथे परदेशी जाळ्यांना पर्याय म्हणून रुपे आणि एप्रिल २०१६ पासून यूपीआय उभे आहेत. दोन्ही चालवणारा भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स निगम रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली आहे. त्यामुळे अंकुशाचे केंद्र कंपनीकडून नियामकाकडे सरकते. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना कूटचलनाच्या व्यवसायांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते प्रमाणबद्धतेच्या, म्हणजे उपाय हानीच्या प्रमाणातच असावा या, कसोटीवर रद्द केले. एप्रिल २०२२ मध्ये कूटचलनाचा बाजार चालवणाऱ्या कॉइनबेस या कंपनीने यूपीआयची सोय जाहीर करून काही दिवसांत काढून घेतली. रिझर्व्ह बँकेचा अनौपचारिक दबाव असल्याचे कॉइनबेसच्या प्रमुखांनी म्हटले. हा विषय व्यवसायस्वातंत्र्याचा होता, आशयाचा नव्हे, पण यंत्रणा तीच आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ नुसार मध्यस्थाने, म्हणजे इतरांचा मजकूर दाखवणाऱ्या सेवेने, मजकूर काढण्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा शासनाची सूचना हवी, असे श्रेया सिंघल निकालाने २०१५ मध्ये ठरवले. पैसे रोखण्याला असा उंबरठा नाही. ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या खेळांचे व्यवहार करण्यास बँकांना मनाई केली. ही मनाई संसदेची असल्याने तिला आव्हान देता आले. कर्नाटक, दिल्ली व मध्य प्रदेश उच्च न्यायालयांतील याचिका सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःकडे वर्ग करून घेतल्या.