लघवीतली अमिनो ॲसिड्स : डबी आणण्याआधी एवढं वाचा

"परवाच लघवी तपासली, प्रोटीन निल आलं. आता परत कशाला?" लघवीतल्या अमिनो ॲसिड्सच्या तपासणीची डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आमच्या लॅबमध्ये येणारे बहुतेक जण हेच विचारतात. नेहमीच्या तपासणीतली पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. अमिनो ॲसिड्स म्हणजे प्रोटीनच्या माळेतले सुटे मणी, ते तिला दिसत नाहीत. किडनी हे मणी गाळते आणि जवळजवळ सगळे परत रक्तात ओढून घेते. ही ओढ बिघडली की ते लघवीवाटे जातात. सिस्टिन्यूरिया या आनुवंशिक आजारात सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन आणि ऑर्निथिन अशी ठरावीक चौकडीच वाढते. त्यातलं सिस्टिन नीट विरघळत नाही, म्हणून खडे त्याचेच होतात. मायक्रोस्कोपखाली त्याचे षटकोनी स्फटिक स्वच्छ दिसतात. सरसकट सगळीच वाढली असतील, तर डॉक्टर फॅन्कोनी सिंड्रोमचा, म्हणजे किडनीची ही ओढच एकूण बिघडल्याचा, विचार करतात.

आता आमचं रडगाणं. पहाटे धरलेलं सॅम्पल ओट्यावर राहतं आणि दुपारी आमच्याकडे येतं. तोवर जंतूंची पंगत उठलेली असते. काही अमिनो ॲसिड्स ते खातात, काही नवी सोडतात. मशीन बिचारं जंतूंचाच रिपोर्ट देतं.

मध्यंतरी एक आजी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून नातवाचं सॅम्पल घेऊन आल्या. "गरम पाण्यानं धुतलीय हो!" झाकण उघडलं तर स्ट्रॉबेरीचा वास. परत पाठवलं. त्या चिडल्या, आणि बरोबरच होतं. सात महिन्यांच्या बाळाला पुन्हा लघवी धरायची पिशवी लावायची म्हणजे खेळ नाही. पण चुकीच्या रिपोर्टवर औषध सुरू होण्यापेक्षा ते बरं.

म्हणून डबी आधी आमच्याकडूनच न्या, तिचे पैसे नाहीत. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर सकाळची पहिली लघवी, मधली धार. लगेच आणा, जमत नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीतून आणा. चोवीस तासांची लघवी साठवायचा कॅन सहसा लागत नाही, कारण हिशेब क्रिएटिनिनच्या (स्नायूंतून येऊन लघवीवाटे जाणाऱ्या टाकाऊ पदार्थाच्या) प्रमाणात होतो. पिशवीत शी लागली तर ते सॅम्पल सरळ टाकून द्या. अमॉक्सिसिलिनसारखी अँटिबायोटिक चालू असेल तर सांगा, मनानं बंद करू नका. बाळाचं वय अचूक लिहा. तान्ह्या बाळांत काही आकडे मुळातच जास्त असतात.

सोबत रक्तही लिहिलं असेल तर ते बिल वाढवायला नाही. फिनाइलकीटोन्यूरियासारख्या (फिनाइलॲलनिन हे अमिनो ॲसिड शरीराला नीट मोडता न येणाऱ्या) आनुवंशिक आजारात खरा निर्णय रक्तावरच होतो.

"तपासणी बाहेरच्या लॅबमध्ये, मग तुम्ही पैसे कशाचे घेता?" सॅम्पल गोठवून ड्राय आइसमध्ये पाठवण्याचे. घरून न्यायचं असेल तर आदल्या संध्याकाळी फोन करा, आमचा मुलगा सकाळी सातला थर्माकोलचा डबा घेऊन दारात हजर असतो.