काळ्या मेंढीची रंगीत टोपी

कोल्हापूरची थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. दिवाळीनंतर पहाटे पंचगंगेवर धुकं उतरतं, दूधवाले मफलर गुंडाळतात, गुऱ्हाळावर माणसं चुलवाणाशी हात शेकत बसतात आणि संक्रांत सरली की पुन्हा पंखे सुरू. तरीही नोव्हेंबर लागला की महाद्वार रोडला कानटोप्यांचे ढीग दिसतात. अलीकडे प्रदर्शनांच्या टेबलांवर आणखी एक टोपी दिसायला लागली आहे: हाताने कातलेल्या, हाताने रंगवलेल्या लोकरीची, जाडजूड, गोंडेवाली, जरा ओबडधोबड. किंमत ऐकली की गिऱ्हाईक ती अलगद जागेवर ठेवतं आणि विचारतं, "हे आपल्याकडचंच का?" मी अशा टोप्या विणते. या प्रश्नाला हो म्हटलं तरी अर्धं खोटं, नाही म्हटलं तरी अर्धं खोटं.

हो म्हणण्यासारखं बरंच आहे. लोकर डोक्यावर घेणं आपल्याला नवं नाही. पावसात घोंगडीची खोळ करून बांधावर उभा असलेला माणूस ज्याने पाहिला नाही, त्याने कोल्हापूरचा पाऊसच पाहिला नाही. घोंगडी उभी दुमडायची, वरचा कोपरा आत खोचायचा, की डोक्यापासून पोटऱ्यांपर्यंत छप्पर तयार. शिवण नाही, बटण नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पोटात घेते, तरी अंगाला ओली लागत नाही. मेंढीच्या अंगचा तेलकटपणा धाग्यात शिल्लक असेल तर पाणी वरच्या वर ओघळतं. मात्र एकदा का ती पुरती भिजली की वाळता वाळत नाही आणि उचलायला दोन माणसं लागतात. रखडलेल्या कामाला आपण 'भिजत घोंगडं' म्हणतो ते उगीच नाही.

ही लोकर दख्खनी मेंढीची. या जातीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी असे प्रकार सांगतात, आणि त्यांतच एक कोल्हापुरी. बाहेरच्या माणसाची इथे एक गल्लत होते. धनगरवाडे म्हटलं की त्याला शाहूवाडी, गगनबावड्याचे डोंगर आठवतात. पण त्या पावसाळी पट्ट्यातले गवळी-धनगर म्हशी पाळतात. मेंढीला सततची ओल सोसत नाही, खूर कुजतात. मेंढरांचे कळप पूर्वेला, हातकणंगले-शिरोळच्या कोरड्या माळांकडे. ऊस गेला की रिकाम्या रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य नाहीतर पैसे घ्यायचे आणि वर्षातून दोनदा कातरणी करायची, हा जुना हिशेब. एका मेंढीची वर्षाची लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. त्यातला मळ, काटे, कुसळं गेली की आणखी कमी.

कातरलेली लोकर पिंजायची, चरख्यावर नाहीतर टकळीवर कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ लावायची आणि खड्डामागावर विणायची. कातणं बहुतेक बायकांकडे. विणणं सनगरांकडे आणि धनगरांतल्या खुटेकरांकडे. कोल्हापूर शहरात सनगर गल्ली अजून आहे. चिंचोक्याच्या खळीमुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी कडक असते आणि वापरून वापरून मऊ पडते. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. तिची घोंगडी सगळ्यात मऊ, सगळ्यात महाग.

हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ही लोकर जवळून पाहावी. ऑक्टोबरच्या सुमारास भरणाऱ्या या यात्रेला महाराष्ट्र-कर्नाटकातून धनगर येतात. फरांडेबाबांची भाकणूक म्हणजे वर्षाचं भाकीत, तलवारीचं हेडाम नृत्य, ढोल आणि पिवळाधमक भंडारा यांचे फोटो सगळीकडे येतात. पण भंडाऱ्या-खोबऱ्याबरोबर तिथे लोकरही उधळली जाते, हे फोटोत कळत नाही. मी पहिल्यांदा गेले तेव्हा केसांत अडकलेला एक पुंजका घरी येऊन काढला. काळाच होता, पण हळदीने माखलेला. तो बोटांत पिळून वीतभर धागा काढला आणि पाण्याखाली धरला. हळद सगळी वाहून गेली, धागा होता तसा काळा.

पुढची सगळी गोष्ट त्या धाग्यातच आहे. दख्खनी लोकर बहुतेक काळी, तपकिरी किंवा करडी. काळ्यावर रंग चढत नाही. चढला तरी दिसत नाही. त्यामुळे आपल्या घोंगडीत नक्षी आली ती पांढऱ्या-करड्या पट्ट्यांची, मेंढीने जेवढे रंग दिले तेवढ्यांची. लाल हवा असेल तर तो फेट्यात, आणि फेटा सुती. रंगाऱ्यांचा धंदा सुताचा आणि रेशमाचा. लोकर त्यांच्या दारात फारशी आलीच नाही. काश्मीरच्या शालीत किंवा राजस्थानच्या लोकरी ओढण्यांत रंगांची जी उधळण दिसते, तिच्या मुळाशी तिथली पांढरी लोकर आहे. आपल्या बायका रंगात कमी पडल्या नाहीत, आपल्या मेंढ्या काळ्या होत्या.

आता सुया. दोन सुयांवरचं विणकाम ज्या जुन्यात जुन्या वस्तूंत दिसतं, ते इजिप्तमध्ये सापडलेले सुती मोजे आहेत, सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकातले; पांढऱ्यावर निळीची नक्षी असलेले. कैरोजवळच्या फुस्तातच्या मातीत गुजरातचं छापील सुती कापडही निघालं आहे. म्हणजे आपलं कापड तिथवर पोचलं होतं, पण परतीच्या गलबतातून सुया काही आल्या नाहीत. मोजे-टोप्यांची ही कला स्पेनमार्गे युरोपभर गेली. उलट टाक्याचा सर्वांत जुना शिल्लक पुरावा म्हणून फ्लॉरेन्सच्या डचेस, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याची पत्नी, एलेओनोराबाईंच्या रेशमी मोज्यांकडे बोट दाखवतात. १५६२ साली त्यांना ते घालून पुरलं होतं. टोपीचं वेड इतकं की १५७१ साली इंग्लंडने कायदाच केला: सहा वर्षांवरच्या सामान्य माणसाने रविवारी आणि सणाला देशी लोकरीची टोपी घातलीच पाहिजे, नाहीतर दंड. टोप्या करणाऱ्यांचं पोट चालावं हा उद्देश. १५९७ मध्ये तो कायदा गेला. (आपल्याकडे कोणी असा कायदा करेल, तर माझी हरकत नाही.)

आपल्याकडे सुया आल्या त्या गोऱ्या मडमांबरोबर, एकोणिसाव्या शतकात. मिशनच्या मुलींच्या शाळांतून शिवण, क्रोशा आणि विणकाम शिकवलं जाई. कोल्हापुरात अमेरिकन मिशन १८५२ पासून होतं. पुढे 'शिवण-टिपण' हा मुलींच्या शाळेतला एक विषयच झाला आणि तिथून सुलट-उलट घराघरांत शिरलं. दुसरी वाट फौजेची. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली बालाक्लावाला लढाई झाली. तिथल्या थंडीत गोठणाऱ्या सैनिकांसाठी विणलेली, तोंड तेवढं उघडं ठेवणारी टोपी त्या गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. तीच आपली माकडटोपी. दोन्ही महायुद्धांत सैनिकांसाठी मोजे, मफलर, टोप्या विणण्याची मोहीमच चालली. कोल्हापूर हा फौजेत जाणाऱ्यांचा जिल्हा, शिरोळ तालुक्यात तर एका गावाचं नावच सैनिक टाकळी. ट्रंकेतून खाकी लोकरीची टोपी घेऊन रजेवर आलेला माणूस इथल्या कुठल्या घरात नसेल?

पण घोंगडीचा धागा आणि या सुया यांची गाठ पडली नाही. मला वाटतं यात जातीचा वाटा मोठा आहे. कातणारी धनगरीण माळावर, विणणारी शाळेतली मुलगी पेठेत. पेठेतल्या मुलीच्या हातात आली ती गिरणीची, आधीच रंगवलेली, मऊ लोकर. कानपूरची लोकर गिरणी १८७६ची, पंजाबातली धारीवालची १८८०ची. १८५६ साली पर्किन या रसायनशास्त्राच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याला लंडनमध्ये कोळशाच्या डांबरातून जांभळा रंग सापडला आणि त्यामागोमाग शे-दीडशे रंग बाटल्यांतून आले. गिरण्यांना काय, रंगच रंग. कोल्हापूरचं स्वतःचं कापडाचं वैभव सुताचं. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, शाहू महाराजांनी शाहू छत्रपती मिल १९०६ साली सुरू केली. पुढे चरख्याची चळवळ आली, तीही मुख्यतः कापसाची. लोकर मेंढरांबरोबर माळावर राहिली ती राहिलीच.

मग ॲक्रिलिक आलं. अमेरिकेत १९५० पासून बाजारात आलेला हा कृत्रिम धागा काही दशकांत लुधियानामार्गे आपल्या दुकानांत पोचला आणि आपण त्यालाही 'लोकर'च म्हणू लागलो. माझ्या आईने बारशाला दिलेली सगळी झबली-टोपडी या लोकरीची. गुलाबी, पोपटी, लिंबू कलर. धुवायला सोपी, टोचत नाही, कसर लागत नाही. तिला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. तिच्यावरच माझी सुलट-उलट सुधारली. इकडे खऱ्या लोकरीचा भाव इतका पडला की कातरणाऱ्याची मजुरी निघेना. कातरलेली लोकर बांधावर फेकून देणारे कळपवाले मी पाहिले आहेत. जत भागातल्या माडग्याळ मेंढीकडे लोक वळले. तिच्या अंगावर लोकर थोडी आणि मटण जास्त. त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

आजची रंगीत टोपी या सगळ्याच्या उलट्या बाजूने येते. शहरात विणणाऱ्या आम्हा काहीजणींना हातकताई आणि हातरंगाईचा नाद लागला तो बाहेरच्या देशांतल्या विणकरणींचं काम पाहून, आणि मग लक्षात आलं की कातणाऱ्या बायका तासाभराच्या अंतरावर आहेत. मी एका आज्जींकडे गेले. त्यांनी दिलेला धागा आणून थेट सुयांवर चढवला. टोपी झाली, पण सगळी वीण एका बाजूला कललेली, जणू डोक्यावर वारा लागलाय. आज्जी हसल्या. "अगं, ह्यो मागाचा धागा. एकेरी, पीळ घट्ट. सुईला दुपदरी पायजे." दोन एकेरी धागे उलट्या पिळाने एकमेकांत घातले की त्यांची ओढ मिटते आणि वीण सरळ बसते. हे मला कुठल्याही नमुन्यात लिहिलेलं सापडलं नव्हतं, कारण नमुना लिहिणारी गिरणीची लोकर धरून चालते.

रंगाचंही तसंच. पांढऱ्या मेंढ्या कळपात थोड्या, त्यांची लोकर वेगळी ठेवायला सांगावी लागते. बाकीची पांढरी बिकानेरकडून मागवायची, किंवा परदेशी मेरिनो घ्यायची. तुरटीत उकळून घेतलेल्या लोकरीवर डाळिंबाच्या सालीचा पिवळा आणि मंजिष्ठेचा लाल चांगला धरतो. हळद दिसते झकास, पण उन्हात महिनाभरात उडते. हळदीची टोपी विकणाऱ्याला मी तरी प्रामाणिक म्हणणार नाही. निळीच्या कुंडीत सोड्या-चुन्यासारखा खार असतो आणि लोकरीला खार सोसत नाही, म्हणून हात आवरता घ्यावा लागतो. तयार ॲसिड रंग वापरणाऱ्याही खूप आहेत: व्हिनेगर टाकून पाणी हळूहळू तापवायचं, उकळी फुटू द्यायची नाही आणि लोकर त्याच पातेल्यात निवू द्यायची. मी एकदा घाईत गरम लोकर नळाखाली धरली. धागा धाग्याला चिकटून असा जमला की सुटेना. पूर्वी लोकर दाबून-जमवून बुरणूस करायचे. माझा फुकटात झाला.

सध्या माझी पद्धत अशी: अंग काळ्या दख्खनी लोकरीचं, न रंगवलेलं, आणि काठाला एक सुलट एक उलट वीण, पिवळी किंवा लाल. गोंडाही त्याच रंगाचा. एका टोपीला ऐंशी-नव्वद ग्रॅम धागा पुरतो. काळी लोकर कपाळाला टोचते, म्हणून आतून मऊ पट्टी लावते.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला असली एक टोपी घेऊन मी त्याच आज्जींच्या गावी गेले होते. ज्यांच्या मेंढ्यांची लोकर होती ते मामा बांधावर भेटले. त्यांनी टोपी उलटीसुलटी केली, गोंडा दाबून पाहिला, डोक्यावरचा फेटा काढून घालून बघितली. तेवढ्यात पावसाची सर आली.

"कान झाकलं की ओ ताई," ते म्हणाले, "पन खांद्यांचं काय?" टोपी माझ्या हातात दिली, खांद्यावरची घोंगडी झटकली, खोळ केली आणि मेंढरांमागे चालू लागले.