वेणी, वादी आणि लेस: सीमाभागातल्या चामड्याच्या विणीची पार्श्वभूमी

अथणी-निपाणी पट्ट्यात कुणाला ‘लेदर लेसिंग कुठं शिकायला मिळेल’ असं विचारलं तर समोरचा बहुधा बुटाच्या नाडीकडे बघतो. तेच ‘वेणी घालायला कोण शिकवेल’ म्हटलं की लगेच पत्ता मिळतो. गल्ली कोणती, घर कोणतं आणि त्या घरातल्या कुठल्या बाईचा हात चांगला, इथपर्यंत. दोन्ही प्रश्न एकाच कामाचे आहेत का? अर्धेमुर्धे आहेत. उरलेल्या अर्ध्यात या भागातल्या चामडंकामाचा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांचा इतिहास अडकला आहे.

कोल्हापुरी चप्पल म्हणजे काय हे इथं सांगत बसत नाही, आणि ती फक्त कोल्हापुरात होत नाही हेही बेळगाव, चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या वाचकाला सांगायला नको. जुन्या काळाबद्दल मात्र दोन गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. पहिली बाराव्या शतकातल्या बसवकल्याणच्या शरणांची, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांची. त्यांच्यातल्या एका चांभाराने आणि त्याच्या बायकोने आपल्या मांडीच्या कातड्याची पादत्राणं करून गुरूला वाहिली, अशी ती कथा. कानडी समगार (चांभार) घरांतून ती आजही श्रद्धेने सांगतात. दुसरी गोष्ट करवीर दरबाराची: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला तिथल्या छत्रपतींनी या धंद्याला दिलेला आश्रय. एक कथा कानडी बाजू पुढे करते, दुसरी मराठी. दोन्हींत चपलेवरच्या चामड्याच्या वेणीचा उल्लेख नाही. भक्ती आणि राजाश्रय यांच्या गोष्टी पुरुषांच्या नावाने लिहिल्या गेल्या आणि वेणी घरात बाया घालत होत्या, एवढं त्यातून समजून घ्यावं.

वेणी चपलेवर शोभेची झाली, पण शेतात ती कामाची होती. आसूड, बैलांच्या गळ्यातले पट्टे, मोटेचा सोंदूर (तिची दोरी) हे सगळं चामड्याचं. आसुडाला चारपेडी गोल वेणी लागते, कारण तीनपेडी चपटी पडते आणि हातात फिरत नाही. साठ-सत्तरच्या दशकांत विहिरींवर विजेचे पंप बसले आणि मोट गेली. मोटेबरोबर चामड्याचं ते सगळं जाडजूड काम गेलं. राहिली ती चपलेवरची नाजूक वेणी, म्हणजे बायकांचं काम. सीमाभागातली चामड्याची वीण आज जवळजवळ पूर्ण बायकांच्या हातात का आहे, याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं.

मग १९५६ आलं. १ नोव्हेंबरला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तालुका तेवढा कोल्हापूरकडे राहिला. त्यानंतरचा वाद सगळ्यांना तोंडपाठ आहे. चपलेच्या धंद्यात एकच फरक पडला, पण तो मोठा होता. माल पूर्वीसारखाच मिरज-कोल्हापूरला जात राहिला, पण सरकारी कागद बंगळूरहून यायला लागले. सत्तरच्या दशकात दोन्ही राज्यांनी आपापली चर्मोद्योग महामंडळं काढली. प्रशिक्षण, कर्ज, अवजारं यांची योजना एका राज्याची आणि गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याचं, असा इथल्या कारागिराचा संसार तेव्हापासून चालू आहे.

‘लेसिंग’ हा शब्द या प्रशिक्षणातून आला. त्यावर जरा थांबतो, कारण सगळा गुंता त्यातच आहे.

चप्पल करणाऱ्या घरात मूळ शब्द दोन: वादी आणि वेणी. वादी म्हणजे चामड्याची लांब दोरी. तळाचे थर ती शिवते. खऱ्या चपलेत खिळा नसतो, वादी असते. वादी काढणं हीच एक विद्या आहे. सरळ पट्टी कापली तर ती कातड्याच्या लांबीएवढीच मिळणार. म्हणून गोल चकती घ्यायची आणि रापीने कडेकडेने चक्राकार कापत आत जायचं. दहा सेंटिमीटर व्यासाच्या चकतीतून तीन मिलिमीटर रुंदीची वादी अडीच मीटरच्या आसपास निघते. टाकाऊ तुकड्यातून एवढी लांबी मिळते, म्हणून चांभाराच्या घरात गोल तुकडा कुणी फेकत नाही.

वेणी म्हणजे या वाद्यांची, नाहीतर बकऱ्याच्या पातळ कातड्याच्या पट्ट्यांची गुंफण. शब्द केसांवरून आला हे उघड आहे. पेड हा शब्दही तिकडचाच: तीनपेडी, चारपेडी, पाचपेडी. कानडीत केसांच्या वेणीला जडे म्हणतात. अथणी भागात घरात कानडी आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबं पुष्कळ, त्यामुळे एकाच ओसरीवर दोन्ही शब्द ऐकू येतात. मुलगी आधी धाकट्या बहिणीच्या केसांवर शिकते आणि मग चामड्यावर. वेगळा असा वर्ग नव्हताच. अथणीकडच्या मदभावी गावात एका आजींना ‘कितव्या वर्षी शिकलात’ असं विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘शिकले कुठं बाबा, करत होते.’

पण चपलेवर जिला वेणी म्हणतात त्या मुळात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एक सुटी वेणी: तीन वाद्या वेगळ्या घेऊन गुंफलेली, मग पट्ट्यावर ठेवून शिवलेली. ती शिकायला एक दुपार पुरते, हात बसायला वर्ष लागतं. दुसरी अखंड वेणी, आणि बाहेरून शिकायला येणाऱ्याचं डोकं तिथं फिरतं. यात पट्टी एकच असते. तिला मधून दोन लांब चिरा द्यायच्या, पण दोन्ही टोकं जोडलेलीच ठेवायची. तीन पेड तयार होतात आणि एकही पेड कुठंच सुटा नसतो. मग गुंफायची कशी? वरून गुंफायला लागलं की तेवढेच उलटे पीळ खाली साठतात. ते काढायला पट्टीचं खालचं टोकच पेडांमधल्या फटीतून आरपार ओढून घ्यायचं. सहा वेळा पेड ओलांडले की एक फेरा पूर्ण होतो आणि पट्टी पुन्हा सरळ होते. पाचव्यावर थांबलात तर आयुष्यभर ती वाकडीच राहणार.

ते काम जवळून बघितलं. आजी पाट सरकवून बसल्या, पट्टीचं वरचं टोक उजव्या पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवून चामड्यावरून एकदा फिरवली. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं कातडं पाणी लागलं की मऊ होतं, वाळलं की जिथं असेल तिथं घट्ट बसतं. ओलं फार झालं तर मात्र ताणलं जाऊन पेड कमी-जास्त होतात. गुंफताना त्यांची नजर पट्टीवर नव्हतीच, दारातल्या कोंबडीवर होती. फेरे त्या मोजतही नव्हत्या. पट्टी सरळ झाली हे बोटांना कळायचं. शेवटी त्यांनी एकच सूचना दिली: पट्टी मापाची घेऊ नकोस, विणली की आखडते.

आता तिसरी वस्तू. पाकीट, पर्स, चष्म्याचं घर यांच्या कडेला भोकं पाडून त्यांतून पट्टी फिरवत दोन तुकडे जोडायचे आणि कड सजवायची. आपल्याकडे ही कडेची लेस दोन वाटांनी आली. एक वाट बंगालची. १९२० आणि ३०च्या दशकांत तिथल्या एका ग्रामशिक्षणाच्या प्रयोगात चामड्यावर रंगकाम आणि कडेला लेस असा माल सुरू झाला, त्या नमुन्याच्या पर्स पुढे देशभरच्या हस्तकला दुकानांत पोचल्या. दुसरी वाट अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं जखमी सैनिकांना हाताला काम म्हणून चामडंकाम शिकवलं गेलं, त्यातून छंदाचा मोठा बाजार उभा राहिला, आणि त्या बाजाराचे तक्ते आणि शब्द पुढे आपल्या अभ्यासक्रमांत उतरले. त्या तक्त्यांतला हिशोब उपयोगाचा आहे, यात शंका नाही. साध्या तिरक्या टाक्याला कडेच्या लांबीच्या सुमारे साडेतीन पट लेस लागते, दुहेरी फासाच्या टाक्याला सात-आठ पट. हे आधी माहीत नसेल तर अर्ध्या कडेवर लेस संपते आणि जोड द्यावा लागतो. नवशिक्या जोड द्यायचा टाळून भोकं लांब-लांब पाडतो, मग कड उघडते.

म्हणजे वादी जोडते, वेणी सजवते आणि लेस दोन्ही करते. अभ्यासक्रमाने या तिघींना मिळून ‘लेसिंग’ म्हटलं. ऐकायला बिनमहत्त्वाची गोष्ट वाटते. पण एका प्रशिक्षणवर्गाच्या समारोपाला मी होतो, संस्थेचं नाव घेत नाही. वीस-वीस वर्षं वेणी घालणाऱ्या बायका तिथं ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणून बसल्या होत्या आणि त्यांना ‘लेसिंगचं प्राथमिक ज्ञान’ मिळाल्याचं प्रमाणपत्र देत होते. पर्सच्या कडेची लेस त्यांना खरंच नवी होती. पण शब्द एकच असल्यामुळे कागदावर त्या सगळ्याच कामात नवशिक्या ठरल्या. अखंड वेणी शिकवणाऱ्याला जमत नव्हती, ती त्यांच्यातल्याच एकीने त्याला दाखवली. प्रमाणपत्र मात्र त्याच्या सहीचं.

नव्वदच्या दशकात याला एक वेगळं वळण मिळालं होतं. केंद्राच्या चर्मविकास कार्यक्रमातून आणि एका बिगरसरकारी प्रयत्नातून अथणीत नवे फरमे (चपलेचे साचे) आले, मापं ठरली, बायकांचे बचतगट झाले आणि माल थेट युरोपला जायला लागला. वेणीचं काम स्वतंत्र काम म्हणून मोजलं गेलं, कारण परदेशी गिऱ्हाईक वेणीचे रंग आणि पेड सांगून मागायचं. त्याआधी ती चपलेच्या मजुरीतच बुडालेली असायची आणि मजुरी घरधन्याच्या हातात पडायची. या प्रयत्नावर टीका करणारे आहेत, सगळ्या घरांपर्यंत तो पोचला नाही हेही खरं. तरी माझ्या मते सीमाभागातल्या वेणीला पहिल्यांदा स्वतःची किंमत तिथं मिळाली.

२०१८च्या डिसेंबरात कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक निर्देशांक) मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना, दोन्ही महामंडळांच्या नावे. कोल्हापुरात काहींना हे रुचलं नाही: नाव आमच्या गावाचं आणि हक्क परराज्याला? उलट अथणीकडे कुरकुर अशी, की माल पिढ्यान्‌पिढ्या आमचा आणि नाव कायमचं त्यांचं. आम्हा सीमाभागातल्या मराठी माणसांची यात गंमत झाली. भांडायला कोणत्या बाजूने उभं राहायचं तेच कळेना. माझ्या दृष्टीने निर्णय बरोबर होता. कोल्हापुरीचा ‘कापशी’ हा प्रकार ज्या गावावरून कापशी झाला ते कागल तालुक्यातलं गाव निपाणीपासून फार लांब नाही. तिथून इथं आलेली वेणी १९५६च्या रेषेवर अडवायची कशी?

कच्च्या मालाची गोष्ट मात्र बिघडत गेली. महाराष्ट्रात २०१५ला आणि कर्नाटकात २०२१च्या सुरुवातीला गोवंशहत्येचे कायदे कडक झाले. कर्नाटकात तेरा वर्षांखालच्या म्हशीही त्यात आल्या. स्थानिक कमावणं आधीच आटत होतं. चामड्याची पिशवी शिवून, टांगून, आत सालीचं पाणी भरून कमावणारी ढोर घरं बोटांवर मोजण्याएवढी राहिली. वेणीचं पातळ चामडं आता बरंचसं चेन्नईकडून येतं. ते दिसायला एकसारखं असतं, पण पाणी लावल्यावर आजींच्या बोटांना पाहिजे तसं वागत नाही.

२०२५च्या जूनमध्ये मिलानच्या एका पुरुषांच्या फॅशन शोमध्ये थेट आपल्यासारख्या चपला दिसल्या, नाव नाही, उल्लेख नाही. गदारोळ झाल्यावर त्या इटालियन कंपनीने भारतीय मूळ मान्य केलं. तेव्हा बऱ्याच जणांच्या लक्षात आलं की जीआय नावाचं रक्षण करतं, तेही देशाच्या हद्दीत. आकार किंवा विणीवर त्याचा हक्क चालत नाही. डिसेंबरात दोन्ही महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड इथं बनवायचे, किंमत आठशे युरोंच्या आसपास, आणि कारागिरांना प्रशिक्षण, त्यात काहींना इटलीतही. प्रशिक्षण कोण कुणाला देणार, हा प्रश्न मदभावीत ऐकला तेव्हा सगळे हसले.

एवढ्यात बाजारात यंत्रावरच्या तयार वेणीचे रोल आले आहेत, मीटरवर मिळतात, चामड्याचे आणि रेक्झिनचेही. शिकायला येणारे आधी हेच विकत घेतात आणि चिकटवतात. अखंड वेणी ओळखायची असेल तर पट्ट्याच्या टोकाशी शिवणीजवळ वेणी किंचित उचलून बघावी. रोलमधली किंवा सुटी असेल तर शिवणीखाली तीन कापलेली टोकं दिसतात. अखंड वेणी तशीच पुढे साध्या पट्टीत मिसळते, टोक सापडतच नाही.